मुलांसाठी राहू दे, स्वतःसाठी निघा

कोल्हापूरहून एका ताईंनी लिहिलंय. वय चव्वेचाळीस, पतसंस्थेत नोकरी. यजमानांचं हार्डवेअरचं दुकान. मुलगा यंदा दहावीला बसला, मुलगी सहावीत. सासूबाई सोबत असतात. बऱ्याच वर्षांनी मे महिन्यात सगळ्यांना एकदम आठ-नऊ दिवस मोकळे मिळतायत, गाडीही घरची आहे. या वेळी नुसता समुद्र आणि हॉटेल न करता कोकण-गोव्यातली जुनी ग्रंथालयं, पुस्तकांची दुकानं, लेखक-कवींची गावं बघत फिरावं, असं ताईंच्या मनात आहे. वहीत वीसेक ठिकाणांची यादी तयार आहे. त्यात वर वाई आणि भिलारही आहे. घरी विषय काढल्यावर यजमान म्हणाले, "पुस्तकं बघायला एवढं डिझेल जाळायचं? हवं ते पुस्तक आता घरपोच येतं." मुलगा म्हणाला, "ही तर शाळेची सहल झाली." मुलीला समुद्र हवाय. सासूबाईंना गणपतीपुळे आणि आरवलीचा वेतोबा करायचाय. जाऊबाईंनी विचारलं, "मुलं वाचत नाहीत म्हणून त्यांना फरफटत नेणार का?"

ताई विचारतात: "हट्ट धरू की सोडून देऊ? मुलांना वाचनाची गोडी लागावी, मोबाइलमधून डोकं वर काढावं, एवढाच माझा हेतू आहे. लग्नाआधी मी हातात पडेल ते वाचायचे. आता रविवारची पुरवणीसुद्धा पुरी होत नाही. अशा बाईनं असली सहल काढणं शोभतं का, असंही कधी कधी वाटतं."

ताई,

शेवटची तीन वाक्यं तुम्ही जाता जाता लिहिल्यासारखी लिहिली आहेत, पण मला खरं पत्र तिथे सापडलं. आधीच्या मजकुरात मुलं आहेत, यजमान आहेत, सासूबाई आहेत, जाऊबाई आहेत. तुम्ही स्वतः थेट शेवटी येता, आणि तेही अपराधी मनानं. म्हणून हट्टाचा प्रश्न जरा बाजूला ठेवून आधी तुम्हालाच विचारते. ही सहल कुणाला हवी आहे?

मला वाटतं, ती तुम्हाला हवी आहे. मनापासून हवी आहे. वीस ठिकाणांची यादी कुणी मुलांच्या सुधारणेसाठी करत नाही. ती भुकेनं केलेली यादी आहे. पण आपल्या घरांत बाईनं "मला हवंय म्हणून" असं म्हणण्याची सवय अजून रुळलेली नाही. मग आपण आपल्या इच्छेला मुलांच्या भल्याचं कारण जोडतो, म्हणजे ती मागायला सोपी जाते. अडचण अशी, की ते कारण जोडलं की सहलीवर एक ओझं येतं. मुलगा नवव्या दिवशी पुस्तक हातात घेऊन परतला नाही, तर सहल फसली असं तुम्हाला वाटणार. आणि सोळा वर्षांच्या मुलाला असल्या गोष्टी लगेच कळतात. आपल्याला दुरुस्त करायला नेतायत हे त्यानं ओळखलंय, म्हणूनच तो "शाळेची सहल" म्हणाला. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही करा. जेवायला सगळे एकत्र बसलेले असताना सांगा, "मला ही गावं बघायची आहेत. मला वाचायला आवडायचं, ते सुटलं, ते मला परत हवंय. तुमच्यावर कसलीच सक्ती नाही." एवढंच. मुलांच्या वाचनाचा, मोबाइलचा विषय त्यात आणू नका. आईला एखादी गोष्ट स्वतःसाठी हवी असते, हे मुलांनी बघणंच मोठं आहे. ती वाचायला लागतील की नाही, याची हमी मी देऊ शकत नाही आणि कुठलंही ग्रंथालय देऊ शकत नाही.

आता शोभण्याबद्दल. वाचन सुटलेल्या माणसानं लेखकांच्या गावी जाऊ नये, हा नियम कुणी केला? जे रोज वाचतात त्यांचं पुस्तकाशी नातं चालूच असतं, त्यांना सहलीवाचूनही चालेल. ज्याचं सुटलं त्याला अशा वाटेची गरज जास्त. रविवारची पुरवणी पुरी होत नाही यात तुमची नोकरी, स्वयंपाक आणि दोन मुलांच्या शाळा आहेत. त्याची लाज बाळगण्याचं काही कारण मला दिसत नाही.

यजमानांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. पुस्तक विकत घ्यायचं एवढाच हेतू असेल, तर ते बरोबर बोलतायत. कोकणातल्या लहान शहरांत पुस्तकांचं दुकान म्हणजे बहुतेक वेळा वह्या, गाइडं आणि पाठ्यपुस्तकं. मे महिन्यात तर शाळा उघडायच्या आधीचा माल भरण्यात दुकानदार गुंतलेला असतो. दुकानांच्या भरवशावर निघालात तर हिरमोड होईल. पण त्याच दुकानात "इथल्या माणसानं लिहिलेलं काही आहे का?" असं विचारून बघा. मालवणी कवितांचं एखादं पुस्तक, गावच्या देवस्थानाचा इतिहास, तिथल्याच शिक्षकानं स्वखर्चानं काढलेल्या आठवणी, असलं काहीतरी वरच्या फळीवरून निघण्याची शक्यता असते, आणि त्यातलं पुष्कळसं घरपोच मिळत नाही. पुस्तकांसाठी एक रक्कम आधीच वेगळी काढा आणि यजमानांना तिचा आकडा सांगा. व्यापारी माणसाला खर्च किती होणार हे आधी कळलं की अर्धी कुरबुर मिटते.

दुसरी एक शक्यता सुचवते, चुकीची असेल तर सोडून द्या. ग्रंथालय, लेखकाचं स्मारक असल्या ठिकाणी पाऊल टाकताना अनेक कर्त्या माणसांना आपण कमी शिकलो असं वाटतं. तिथे कुणीतरी काहीतरी विचारेल आणि आपल्याला सांगता येणार नाही, अशी धास्ती असते. डिझेलचं कारण सांगायला सोपं असतं. तसं असेल तर त्यांना आत चलाच असा आग्रह करू नका आणि पुस्तकांची माहिती पुरवू नका. जुन्या वास्तूची तुळई, सागवानी कपाटं, बिजागऱ्या, कौलं याबद्दल हार्डवेअरवाल्या माणसाला जे दिसेल, ते तुम्हाला-मला दिसणार नाही. त्यांना ते सांगू द्या.

यादीकडे वळते. वीस ठिकाणं नऊ दिवसांत होणार नाहीत. झाली तरी लक्षात राहणार नाहीत. शिवाय वाई-भिलार उत्तरेला आणि पणजी दक्षिणेला, म्हणजे या दोन सहली आहेत. भिलार मनातून काढू नका, फक्त पुढे ढकला. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. गावकऱ्यांनी आपल्या घरांत पुस्तकांना जागा दिली आहे. तिथे बसून वाचायला जायचं असतं, खरेदीला नव्हे, त्यामुळे निवांत दोन दिवस हवेत. वाईला मराठी विश्वकोशाचं काम चालतं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींची ही कर्मभूमी. हे सगळं पावसाळ्यानंतर एखाद्या लांब शनिवार-रविवारी जमेल.

या मे महिन्यासाठी मी कोल्हापूर, रत्नागिरी, कुडाळ-वेंगुर्ला, पणजी आणि परत, एवढंच वर्तुळ ठेवीन. दिवसाला एक ठिकाण, तेही सकाळी. दुपारी अकरा ते चार गाडीत किंवा उन्हात कुणाला ठेवू नका. सासूबाई आहेत, मे महिना आहे, किनाऱ्यावरचा दमटपणा वेगळाच असतो. संध्याकाळ समुद्राची. तुमच्या मुलीची मागणी इथेच पुरी झाली.

सुरुवात मात्र घराजवळून करा, आणि तीही निघण्याच्या आधी. शिवाजी विद्यापीठात वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे. कोल्हापूरकर असूनही या जागा बघायच्या राहून जातात. एक सकाळ तिथे घालवा, ज्याला यायचं तो येईल. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले, मग कोल्हापूरला आले. पुढे 'ययाति'साठी ज्ञानपीठ मिळालेले ते पहिले मराठी लेखक ठरले. तुमच्या शहरातून उलटं शिरोड्याला जायचं, म्हणजे ते ज्या रस्त्यानं तुमच्याकडे आले त्याच रस्त्यानं मागे जायचं. माझ्या मते तुमच्या सहलीचा कणा हाच आहे. निघण्यापूर्वी खांडेकरांचं एखादं लहान पुस्तक, रूपककथा किंवा लघुनिबंध, वाचून ठेवा. कादंबरीच हवी असं नाही. सुटलेलं वाचन परत धरताना लहान पुस्तक बरं. ते पुरं होतं, आणि पुरं झालं की हुरूप येतो.

आंबा घाटानं रत्नागिरी साधारण सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. तिथलं नगर वाचनालय १८२८ चं, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं. आत गेल्यावर फार मोठं काही दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. कपाटं, टेबलं, वर्तमानपत्रं चाळणारी चार माणसं. पण १८२८ हे साल क्षणभर मनात धरा. पेशवाई जाऊन दहा वर्षं झाली होती. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र निघायला अजून चार वर्षं होती. तेव्हापासून या गावात वाचणाऱ्यांची सोय आहे.

दुसऱ्या दिवशी गणपतीपुळे. सासूबाईंचं दर्शन आणि तुमचं मालगुंड एकाच सकाळी होतं, कारण दोन्ही अगदी शेजारी आहेत. केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, १८६६ साली मालगुंडला जन्मले. कोंकण मराठी साहित्य परिषदेनं तिथे त्यांचं स्मारक उभं केलंय. जुन्या पद्धतीचं कौलारू घर, बाग, शिळांवर कोरलेल्या कविता. गणपतीपुळ्याला मे महिन्यात मुंगीला वाट मिळत नाही, आणि मालगुंडला मात्र शांतता असते. याचं मला दर वेळी वाईट वाटतं. देवळात जाणाऱ्या शंभरांतल्या दहांनी जरी तिकडे गाडी वळवली, तरी त्या जागेचं भाग्य उजळेल. दर्शन पहाटे उरका, मग मालगुंड. आणि तिथे एक कविता मोठ्यानं वाचा. कुणाला ऐकायची असेल तर ऐकेल. आधी काही न वाचता गेलात, तर मालगुंड नुसती छान बाग वाटेल. कविता तोंडात असली की तेच घर वेगळं वाटतं.

वाटेत पावस लागेल. अभंग ज्ञानेश्वरी लिहिणारे स्वामी स्वरूपानंद तिथले. सासूबाई तिथे थांबायचं म्हणतीलच, आणि त्या थांबतील तेव्हा त्याही एका लेखकाच्याच दारी थांबलेल्या असतील. हे त्यांना सांगा. देवदर्शनाची सहल आणि पुस्तकांची सहल तुमच्या पत्रात एकमेकींसमोर उभ्या आहेत. कोकणात त्या दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत.

पुढे देवगड तालुक्यात पोंभुर्ले. बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी 'दर्पण' सुरू केलं, म्हणून तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. गावात त्यांचं स्मारक आहे. महामार्ग सोडून आत जावं लागतं, तेव्हा मुलांचा आणि सासूबाईंचा अंदाज घ्या. थकले असतील तर सरळ कुडाळला चला. एखादं ठिकाण गळालं म्हणून सहल अपुरी राहत नाही.

कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, शिरोडा हा पट्टा मात्र घाईनं करू नका. तीन मुक्काम तरी इथेच ठेवा. माझ्या मते मराठी साहित्याचा एवढा दाट पट्टा क्वचितच दुसरा असेल. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू, वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईतले. कुडाळात खाणावळ चालवता चालवता त्यांनी कविता लिहिल्या. मंगेश पाडगांवकर १९२९ साली वेंगुर्ल्यात जन्मले. जयवंत दळवींचं गाव आरवली, तिथली माणसं 'सारे प्रवासी घडीचे'मध्ये भेटतात. आणि आरवलीला लागून शिरोडा, खांडेकरांची शाळा आणि त्यांच्या आठवणी जपणारं स्मारक. शिरोड्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा खांडेकर तिथेच शिकवत होते. सावंतवाडीला श्रीराम वाचन मंदिर आहे, १८५२ चं. वेंगुर्ल्यालाही जुनं नगर वाचनालय आहे.

सासूबाईंचा वेतोबा इथेच, आरवलीत. वेतोबाला केळीचे घड आणि चामडी चपला वाहतात, तो रात्री गावाची राखण करत फिरतो असं लोक मानतात. देवळातून बाहेर पडल्यावर दळवींची दोन पानं सासूबाईंना वाचून दाखवा. त्यांना नक्की आवडतील. मला तर वाटतं, या सहलीत तुमचं वाचन ऐकणारं पहिलं माणूस त्याच ठरतील.

एक काळजी घ्या. लेखकांची मूळ घरं म्हणजे बहुतेकदा कुणाची तरी राहती घरं असतात. कुणी दाखवलं तर रस्त्यावरून बघा. आपणहून दार वाजवू नका, अंगणात शिरून फोटो काढू नका. दुपारी दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यांना पाणी द्यायलाच हवं, असं तिकडच्या माणसांना वाटतं, आणि आपण त्यांची वामकुक्षी मोडलेली असते.

पणजीत एक दिवस तुम्ही एकटीनं घ्या. हे मी आग्रहानं सांगते. मुलांना आणि यजमानांना समुद्रावर पाठवा, सासूबाई खोलीवर विश्रांती घेतील, आणि तुम्ही रिक्षानं पाटो भागातल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जा. पोर्तुगीज अमदानीत, १८३२ साली ते सुरू झालं. ज्या वर्षी मुंबईत 'दर्पण' निघालं, त्याच वर्षी. आता प्रशस्त नवी इमारत आहे. तिथे काही बघायचं नाही. बसायचं. मराठी विभागातून एक पुस्तक घ्या आणि दोन-तीन तास नुसतं वाचा. कुणी हाक मारणार नाही, कुकरची शिट्टी होणार नाही. लग्नाआधीच्या ज्या वाचनाची तुम्ही आठवण काढलीत, त्यात पुस्तकांइतकीच ही निवांत वेळ होती, असं मला वाटतं. ती कुठल्याही स्मारकात मिळत नाही. मागून घ्यावी लागते. ग्रंथालयाची आधीची जागा होती त्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात पोर्तुगीज कवी कामोइशच्या महाकाव्यातले प्रसंग निळ्या रंगाच्या फरशांवर रंगवलेले आहेत. मुलाला चित्रांची आवड असेल तर संध्याकाळी तिकडे वळा. नसेल तर राहू द्या.

परतीच्या दिवशी जुनं गोवं लागेल. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली इथल्या सेंट पॉल कॉलेजात आला. आज त्या कॉलेजची एक कमान तेवढी उभी आहे. पुढे फोंड्याहून मडगावच्या दिशेनं गेलात तर झुआरीच्या अलीकडे बोरी, बाकीबाब म्हणजे कवी बा. भ. बोरकरांची. आणि नदीच्या पलीकडे रायतूरची सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारं विद्यालय. फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. इंग्लंडातून आलेल्या एका पाद्र्यानं मराठीत ओवीबद्ध पुराण लिहिलं, ते रोमन लिपीत छापलं आणि त्यात मराठीचं मनापासून कौतुक केलं. आपल्या भाषेतल्या सर्वांत जुन्या छापील पुस्तकांपैकी हे एक. सेमिनरी आजही चालू आहे, तेव्हा आधी विचारून परवानगी मिळाली तरच आत जा. बेळगावमार्गे परतलात तर तिथलं सार्वजनिक वाचनालयही वाटेवर आहे, पण तोवर सगळ्यांना घरचे वेध लागलेले असतील.

ग्रंथालयात कसं जायचं, हे अनेक वाचक विचारतात म्हणून इथेच सांगते. सभासद नसलं तरी बघायला कुणी अडवत नाही. "कोल्हापूरहून आलोय, तुमचं वाचनालय बघायचं होतं," एवढं ग्रंथपालांना सांगितलं तरी चालतं. आपलं वाचनालय बघायला कुणी बाहेरगावाहून आलं याचा आनंद मी अनेक चेहऱ्यांवर पाहिलाय. पण निघण्याआधी फोन करा. लहान गावांतली बरीच ग्रंथालयं सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात, दुपारी बंद. आठवड्याची सुट्टी प्रत्येकाची वेगळी. शिरोड्यासारख्या ठिकाणी शाळेला मे महिन्याची सुट्टी असणार, तेव्हा स्मारक कोण उघडून देईल हे आधी ठरवा. जुने ग्रंथ, हस्तलिखितं बघायची असतील तर ऐनवेळी मागू नका. हात लावण्याआधी विचारा, फोटोआधीही. ओळखपत्र जवळ ठेवा.

आणि जमलं तर निघताना थोडी देणगी द्या, पावती घ्या. महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि अनुदान त्या वर्गाप्रमाणे मिळतं. क आणि ड वर्गातल्या कर्मचाऱ्यांना हातात किती पडतं हे विचारलंत तर मन विषण्ण होईल. घरातली जुनी पुस्तकं गाडीत भरून नेण्याचा मोह होईल. आधी विचारल्याशिवाय नेऊ नका. मुलाची दहावीची गाइडं त्यांच्या काही कामाची नसतात.

मुलांविषयी एवढंच. त्यांना प्रश्न विचारू नका. "इथे कोण जन्मलं, सांग बघू" नको, परतल्यावर निबंध नको, स्मारकासमोर उभं करून फोटोही नको. मुलाला गाडीत बसून राहायचं असेल तर बसू द्या. तो हक्क त्याला आधीच देऊन टाका. बहुतेक मुलं अर्ध्या तासानं कंटाळून आत येतात. नाही आला तरी बिघडत नाही. मुलीला बालविभागात सोडा आणि ती चित्रकथा वाचत बसली तर "हे काय वाचतेस" म्हणू नका. एखाद्या दुकानात दोघांना ठरावीक पैसे द्या आणि काय घेतलं ते तपासू नका, क्रिकेटचं मासिक घेतलं तरी.

हे सगळं ऐकूनही घरातून नकारच आला तर? तर भांडून सहल काढू नका. आठ-नऊ दिवस रुसलेल्या माणसांबरोबर गाडीत बसणं कुणालाच नको असतं. तेव्हा वेंगुर्ल्यात किंवा मालवणात सगळ्यांनी चार दिवस मुक्काम करा आणि तुम्ही रोज सकाळी तीन तास मागून घ्या. रिक्षा आहे, एसटी आहे, तुम्ही एकट्या शिरोड्याला जाऊन दुपारच्या जेवणाला परत येऊ शकता. तेही नको असेल तर एखादी वाचणारी मैत्रीण गाठा आणि पावसाळा संपल्यावर दोघीच निघा. खरं तर नोव्हेंबर-डिसेंबरात कोकण जास्त सुखाचं असतं. यातला कुठलाही पर्याय कमीपणाचा नाही. सगळं सोडून देणं मात्र मला पटणार नाही. या वर्षी सोडलंत तर पुढच्या वर्षी मुलाची अकरावी, मग बारावी, मग मुलीची दहावी. कारणं संपत नाहीत.

इतर जिल्ह्यांतल्या वाचकांनी आपापली वर्तुळं आखावीत. नाशिककरांकडे १८४० चं सार्वजनिक वाचनालय आणि कुसुमाग्रजांचं स्मारक आहे. मराठवाड्यात अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी आहे, आणि वर गेलं की एकनाथांचं पैठण. तिथून नेवासा फार लांब नाही, जिथे ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो खांब दाखवतात. विदर्भात महानुभावांचं रिद्धपूर. मुंबई-ठाण्याच्या लोकांना तर गाडीही नको. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं, आणि फोर्टात एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलच्या पायऱ्या. लोकलच्या एका दिवसाच्या पासात सगळं होतं.

तारखांचं एक लक्षात ठेवा, ताई. दहावीचा निकाल मे महिन्यात लागू शकतो, आणि त्यामागोमाग अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे अर्ज, पसंतीक्रम, कागदपत्रं सुरू होतात. निकालाच्या दिवशी तुम्ही नेटवर्क नसलेल्या घाटात असाल तर मुलाचा जीव टांगणीला लागेल. म्हणून शक्य असेल तर मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात निघा, राहण्याच्या खोल्या आत्ताच सांगून ठेवा, आणि त्याच्या शाळेचा दाखला व गुणपत्रिकेसाठी लागणारे कागद एका पिशवीत घालून घरी ठेवा, म्हणजे परत आल्या आल्या शोधाशोध करायला नको.